सील बदललं, रिंगा "बदलल्या", आणि चोक होता फक्त ब्रीदर

जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्यांनी हे जरा शांतपणे वाचा. माझ्याकडे मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, तीन सिलेंडर पर्किन्स इंजिनवाला, वडिलांपासूनचा. क्लच हाउसिंगच्या खाली ते भोक असतं ना, स्प्लिट पिन लटकत असते, तिथून ऑइल ठिबकायला लागलं. आधी थेंब थेंब, मग दोन तास चालवला की खाली बशीएवढा डाग, आणि नंतर तर क्लचपण घसरायला लागला. मिस्त्रीने वाकून बोट लावलं आणि लगेच म्हणाला मागचं क्रँक सील गेलंय, म्हणजे क्रँकशाफ्ट मागे बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारं सील. ह्या इंजिनाला दोरीचं सील असतं, ते बदलायचं म्हणजे अख्खा ट्रॅक्टर मधून सोडवायचा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा. केलं सगळं. पंधरा दिवसांत ऑइल परत सुरू.

दुसऱ्यांदा गेलो तर त्याने चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढलं, आतून भकाभक धूर आला, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पण आपल्या जागेवरून बोटभर वर ढकललेली होती. म्हणाला, बघा, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे हेड उघडून रिंगा बदलायच्या. डोळ्यासमोर धूर दिसतोय म्हटल्यावर मी काय बोलणार, ठेवला ट्रॅक्टर आठ दिवस त्याच्याकडे. परत देताना त्याने पिशवीत जुन्या रिंगापण दिल्या, काळ्याकुट्ट, एक तुटलेली, मला वाटलं माणूस सरळ आहे, जुना माल परत देतोय. आठवड्याने खाली परत डाग.

मग ओळखीतल्या एका वयस्कर फिटर काकांना बोलावलं. त्यांनी सीलकडे बघितलंसुद्धा नाही, पहिला प्रश्न विचारला, "ब्रीदर कधी साफ केलाय?" टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, एक पाईप खाली जातो तो. मी लहानपणापासून तो पाईप बघतोय पण कोणी कधी खोलला नव्हता, आणि मिस्त्रीने दोन्ही वेळा त्याचं नावपण काढलं नाही. काकांनी तो काढून माझ्या हातात दिला, म्हणाले फुंकून बघ. गाल दुखेपर्यंत फुंकलं, पलीकडे वारा नाही. आतली तारेची जाळी गाळाने गच्च, डांबरासारखी, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावी लागली.

काकांनी जे समजावलं ते असं. रिंगा कितीही नव्या असल्या तरी प्रत्येक स्फोटाला थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरतोच. तो बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. पेट्रोल इंजिनात इनटेकचं, म्हणजे हवा आत जायच्या वाटेचं, व्हॅक्यूम तो गॅस खेचून घेऊ शकतं, पण ह्या डिझेलला हवा अडवणारी थ्रॉटलची पाकळी नसते त्यामुळे तसं व्हॅक्यूम नाही, गॅस स्वतःच्या दाबाने उघड्या पाईपमधून निघतो, बास. आणि त्या गॅसमध्ये पाण्याची वाफ असते, एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, बहुतेक सायलेन्सरने जातं पण थोडं खाली उतरतं. ट्रॅक्टर दहा मिनिटं चालवून बंद केला, इंजिन पुरतं तापलंच नाही, की ती वाफ आतच थंड होते, ऑइलमध्ये घोटून पिवळट लोण्यासारखा चिकटा होतो, जाळीत बसतो, काजळी धरतो आणि सुकून दगड होतो. मग वाट बंद, दाब वाढतो, आणि दाब जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल ढकलतो, डिपस्टिक, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, आणि सगळ्यात आधी ते दोरीचं सील. अशात कितीही नवीन सील टाका, ते गळणारच.

झाकण काढल्यावर धूर आला त्याचंही तेच, कोंडलेला गॅस आहे, पहिला भपका येणारच. मिनिटभर थांबायचं. ब्रीदर मोकळा करून, इंजिन गरम असताना आणि लोडवरही ठोक्याठोक्याला जोरात धूर मारत राहिला तर रिंगांचा संशय घ्या, तेव्हा नुसता पाईप साफ करून भागत नाही. पण आधी ब्रीदर, मग बाकी सगळं. आणि वास येतो, धूर येतो म्हणून कोणी त्या पाईपला बूच मारायला सांगितलं तर अजिबात ऐकू नका. त्याची नळी एअर क्लीनरला जोडायचा जुगाडपण नको, ऑइल इनटेकमध्ये गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटू शकतं आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही.

आता रिंगांचं. काकांनी पिशवीतली एक अख्खी रिंग तोंड मिटेपर्यंत दाबून व्हर्नियर लावला, ८४ मिमी. माझ्या इंजिनाचं बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ९१.४ मिमी आहे! ह्याच ३५ मॉडेलला आधी चार सिलेंडर स्टँडर्ड इंजिन यायचं, त्याचं बोअर ८४ च्या आसपास, म्हणजे कोणाच्यातरी दुसऱ्या ट्रॅक्टरच्या रिंगा मला माझ्या म्हणून दिल्या होत्या. मग त्यांनी हेडच्या नटांवर टॉर्च मारला. प्रत्येक नटाच्या बुडाशी जुना रंग जसाच्या तसा, एका कोपऱ्यालाही पाना लागल्याची खूण नाही. हेड उघडल्याशिवाय पिस्टन वर निघत नाही, रिंगा बदलणार कुठून. मला त्या क्षणी पैशापेक्षा जास्त राग आला तो ह्याचा की वडिलांचा ट्रॅक्टर ज्याच्या भरवशावर आठ दिवस सोडला त्याने तो नुसता उभा ठेवला.

रिंगा आणि नटांचे फोटो घेऊन मिस्त्रीकडे गेलो. रिंगांबद्दल म्हणाला पोराने पिशवी अदलाबदल केली असेल. नटांचा फोटो दाखवल्यावर गप्प. अर्धे पैसे दिले, बाकीचे देतो म्हणाला, अजून दिले नाहीत.

जाळी रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली, सकाळी हवा मारली, परत बसवली. क्लच प्लेट ऑइल पिऊन गेलीच होती, ती बदलावी लागली. सील तेच आहे, हात लावला नाही. कालच चार तास चालवून खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, पिनेखाली पुठ्ठा कोरडा.