जुना मजकूर युनिकोडमध्ये: कन्व्हर्टर की नव्याने टायपिंग?
कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली शंभर पानं कन्व्हर्टर बघता बघता युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणक-फोनवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून देतो. पण मग प्रूफ डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. त्या फाँटमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट. रफारही तसाच: 'सूर्य' लिहिताना तिथे तो शेवटी, इथे 'य'च्या आधी. हा क्रम फिरवताना जोडाक्षरं फुटतात. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर अर्थच बदलतो आणि स्पेलचेकला पत्ता लागत नाही, कारण शब्द दोन्ही खरे!

नव्याने टायपिंग वेळखाऊ, पण प्रत्येक शब्द नजरेखालून जातो. गद्याला कन्व्हर्टर चालेल, प्रूफ मात्र दोनदा वाचा. अभंग-ओव्या मी हातानेच टाइप करते.