चारोइटचं ब्रेसलेट, आठ महिन्यांनी: सगळा वाद त्या नारिंगी डागाचा

गेल्या आठवड्यात ब्रेसलेटचा एक मणी फुटला. पडला नाही, कुठे आपटलाही नाही. रात्री मनगटावरून काढताना टिच् असा बारीक आवाज आला आणि अर्धा मणी चादरीवर. तेव्हापासून लिहायचं मनात आहे, कारण या आठ महिन्यांत चारोइट या जांभळ्या दगडाबद्दलचं माझं मत दोनदा बदललं, आणि दोन्ही वेळा कारण तो एकच मणी.

22 मणी, प्रत्येकी 8 मिलिमीटर, इलास्टिकच्या दोऱ्यात ओवलेले. घेतलं ते झोपेसाठी. वडिलांच्या आजारपणात रात्री तीनला उठायची सवय लागली होती. ते बरे झाले, पण माझी जाग काही जाईना. चारोइट मनातली भीती शोषून घेतं, गाढ झोप लावतं असं खूप ठिकाणी वाचलं आणि पैसे मोजले. स्वस्त नव्हतं. म्हणूनच पाकीट उघडल्यावर एका मण्यावर नारिंगी डाग दिसला तेव्हा डोकंच फिरलं. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याने असेल, रंग मधासारखा, कडा तुटक. मला वाटलं, मण्याला भेग पडलेली असणार आणि ती काहीतरी चिकटवून बुजवलीय. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘नैसर्गिक आहे.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच दोन शब्द. बदलून द्यायला नकार, पैसे परत करायलाही नकार. चार वेळा भांडले.

मग चिडून स्वतःच शोधायला बसले. चारोइट जगात एकाच ठिकाणी सापडतं: सायबेरियातल्या याकुतियात, मुरुन नावाच्या खडकाळ भागात. तिथे पोटॅशियमने भरलेला शिलारस चुनखडीत घुसला आणि त्या दोघांच्या झटापटीतून ही खनिजं तयार झाली. जांभळं चारोइट तिथे एकटं नसतं. काळ्या सुया दिसतात त्या एजिरीन नावाच्या खनिजाच्या. आणि नारिंगी ठिपके असतात टिनाक्साइट या खनिजाचे. टायटॅनियम, सोडियम, पोटॅशियम आणि सिलिकॉन यांच्या रासायनिक चिन्हांची अक्षरं जोडून ते नाव केलंय. म्हणजे ज्याला मी लबाडी समजत होते तो मणी खरा असल्याची सगळ्यात चांगली खूण होता. रंगवलेल्या नकली मण्यांत जांभळा रंग सपाट, सगळीकडे सारखाच असतो. मी विक्रेत्याला माफीचा निरोप पाठवला. पण एक तक्रार अजून आहे: ही दोन ओळींची माहिती त्याने पहिल्याच दिवशी दिली असती तर चार दिवसांचा मनस्ताप वाचला असता.

सोबत आलेल्या कार्डाबद्दल मात्र माफी नाही. त्यावर छापलंय की सायबेरियातले शामान, म्हणजे तिथले मांत्रिक-वैदू, हा दगड हजारो वर्षं वापरत आले आणि चहात उकळून पीत आले. या दगडाचे नमुने भूवैज्ञानिकांना दिसले ते 1940च्या दशकात, आणि नवं खनिज म्हणून त्याची रीतसर नोंद झाली 1978 साली. त्या वर्णनात पहिलं नाव भूवैज्ञानिक वेरा रोगोवा यांचं. नाव पडलं चारा नदीवरून. रशियन भाषेत ‘चारी’ म्हणजे मोहिनी, जादू. त्यामुळे या नावाभोवती गोष्टी गोळा झाल्या यात नवल नाही. जांभळा रंग म्हणून सहस्रार चक्र, ही जोडणीही जुनी नाही. चक्रांना इंद्रधनुष्याचे रंग वाटून देणं विसाव्या शतकातलं आहे.

आणि चहाचं तर कुणी मनावर घेऊच नका. चारोइटमध्ये बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असतं, आणि त्याच खडकात थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असलेलं स्टीसाइट हे खनिजही सापडतं. हातात घालायला घाबरायचं कारण नाही, पण उकळून प्यायचा हा दगड नव्हे. असल्या कार्डावर विश्वास ठेवून कुणी तरी खरंच करून बघेल, याची मला काळजी वाटते.

आता झोप. पहिल्या तीन आठवड्यांतच फरक पडला. रात्री दिवा मालवून, ब्रेसलेट मुठीत धरून दहा मिनिटं पडून राहायचं, असं त्याच कार्डावर होतं आणि ते मी मनापासून केलं. तीनची जाग पाचवर गेली. मी सगळ्यांना सांगत सुटले. पाचव्या महिन्यात आठवडाभर बाहेरगावी गेले आणि ब्रेसलेट घरी राहिलं. पहिल्या रात्री धास्तावले होते. तरी सवयीने दिवा मालवला, फोन दूर ठेवला, रिकामी मूठ मिटून पडून राहिले. झोप तशीच लागली, सातही रात्री. त्यामुळे दगडाने झोप लावली असं आता मी म्हणत नाही. ती दहा मिनिटं मात्र मी सोडलेली नाहीत.

चकाकीबद्दल थोडक्यात. खनिजांची कठिणता 1 ते 10 अशी मोजणाऱ्या मोहस मापावर हा दगड 5 ते 6. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते 7. रोज घातलं तर पॉलिश मरणारच, आणि माझ्या ब्रेसलेटचं बाहेरच्या बाजूला मेलंय. आतल्या बाजूचे मणी फिरवून उजेडात धरले की अजूनही ती रेशमी लहर सरकते. तंतू वळणावळणाने गुंफलेले असतात, म्हणून प्रकाश एका रेषेत न राहता असा वळत जातो. हे तंतू इतके बारीक की त्यांची रचना नेहमीच्या क्ष-किरण पद्धतीने उलगडेना. ती इलेक्ट्रॉन किरणांच्या मदतीने 2010च्या सुमारास उलगडली. मी कितीतरी वेळ नुसती ती लहर बघत बसते.

फुटलेला मणी तोच, डागाचा. भिंगाखाली पाहिलं तर तो नेमका टिनाक्साइट आणि चारोइटच्या सांध्यावर दुभंगलाय. नारिंगी भागाचा तुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत, पातळ पापुद्रा सुटल्यासारखा. जांभळा भाग मात्र लाकडाच्या ढलपीसारखा रेघारेघांचा, आणि रंग बाहेरच्यापेक्षा कितीतरी गडद, ओला वाटावा असा. विक्रेत्याला एक सुटा मणी विकत मागितला. तो म्हणाला, सुटे देत नाही, नवीन ब्रेसलेट घ्या. एका मण्यासाठी मी ते घेणार नाही.

दोरा काढून 21 मणी पुन्हा ओवले. थोडं घट्ट होतं, संध्याकाळपर्यंत मनगटावर वळ उठतो. दोन्ही अर्धुकं काडेपेटीत कापूस घालून ठेवलीत. ज्यांच्या ब्रेसलेटमध्ये असा नारिंगी ठिपका आहे त्यांनी ब्रेसलेट काढताना तो मणी ओढू नका, दोरा बोटांनी ताणून हात बाहेर काढा.