'कस्टम ॲक्शन' म्हणून गळ्यात मारलेली जुनी एअर रायफल

एअर रायफल विकणारा माणूस तुम्हाला "हेडस्पेस झिरो केलंय, दोन्ही लग लॅप केलेत" असं ऐकवायला लागला, तर तिथंच व्यवहार थांबवा. हीच वाक्यं ऐकवून आमच्याकडून एक लाख पस्तीस हजार रुपये काढून घेतले गेले. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात सध्या शूटिंग शिकणारी मुलं वाढली आहेत आणि हा माणूस अजून मोकळा फिरतो आहे, म्हणून सगळं तपशिलानं लिहितो.

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आमच्याकडं घराघरांत रायफलचा विषय निघू लागला. माझी मुलगी त्याच्या आधीपासून १० मीटर एअर रायफल मारते. रेंजवरची रायफल चारजणांत फिरते. प्रत्येकाची उंची वेगळी, गालपट्टी वेगळी. सेटिंग लावण्यातच सरावाची वेळ जाते. स्वतःची हवी हे खरं, पण नवी जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, अडीच-तीन लाखांच्या पुढं. त्यामुळं आमच्यासारखे पालक जुन्या मालाकडं वळतात आणि हे लोक नेमके तिथंच बसलेले असतात.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. बोलणं गोड, दर वाक्याला "सर". म्हणाला, अख्खी रायफल कशाला घेता, मी कस्टम बिल्ड देतो. इम्पोर्टेड ॲक्शन (गोळी भरून सोडणारी मधली यंत्रणा), मॅच बॅरल म्हणजे नळी, ॲल्युमिनियमचा सीएनसी स्टॉक म्हणजे दस्ता, सगळं मुलीच्या मापानं. वर ती लग आणि हेडस्पेसची भाषा. माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं जॉब शॉप आहे. टॉलरन्स, फेस स्क्वेअर, रनआऊट असले शब्द त्याच्या तोंडून आले की समोरचा कामातला माणूस वाटतो. त्यानं बोलणं माझ्या धंद्याच्या मापानंच शिवलं होतं.

ही भाषा मुळात कुठली, ते सांगितलं पाहिजे, कारण सगळी चलाखी तिच्यात आहे. अमेरिकेत लांब पल्ल्याचे नेमबाज काडतुसाची बोल्ट रायफल (जिच्यात मागचा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, काडतूस आत कोंडतो) सुटे भाग निवडून बांधून घेतात. १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७०० या रायफलच्या ॲक्शनचा आकार तिकडं जणू ठरलेलं माप झाला; स्टॉक आणि ट्रिगर बनवणारे त्या मापाला धरून माल काढतात. कस्टम ॲक्शनवाले बाहेरचा आकार बहुधा तोच ठेवतात आणि आतलं काम बारीक करतात. बोल्टचा चेहरा बोअरच्या, म्हणजे नळीच्या पोकळीच्या, अक्षाला काटकोनात, बॅरल बसते ते आटे त्याच अक्षावर, आणि बोल्टचे लग, म्हणजे त्याला जागी अडकवणारे दात, सारखे टेकणारे; ते घासून सारखे करणं म्हणजे लॅप करणं. काडतूस फुटलं की मोठा दाब मागं बोल्टवर येतो आणि तो लग पेलतात. एकच लग टेकत असेल तर बोल्ट तिरका दबतो आणि गोळ्या पसरतात. हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या चेहऱ्यापासून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) काडतूस जिथं अडतं तिथपर्यंतचं अंतर. ते जास्त झालं तर काडतुसाचं कवच फाटू शकतं, कमी झालं तर बोल्टच बंद होत नाही.

आता १० मीटरची रायफल घ्या. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा, रेग्युलेटर ती ठरलेल्या दाबावर आणतो, व्हॉल्व्ह मोजकी हवा सोडतो आणि अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला साधारण १७० मीटरनं निघतो. काडतूस नाही, स्फोट नाही, लगनं पेलावं असं काही नाही. इथं ॲक्शन चांगली म्हणजे रेग्युलेटर स्थिर, व्हॉल्व्ह एकसारखा, ब्रीचची (पेलेट भरतो त्या मागच्या तोंडाची) सील घट्ट, बॅरल नीट धरलेली आणि ट्रिगर रोज तसाच. या पाचांपैकी एकाबद्दलही तो आपणहून बोलला नव्हता.

त्यानं व्हिडिओ पाठवला, कार्डावर एकच भोक. सोबत फॅक्टरी टेस्ट कार्डाचा फोटो. चांगल्या कंपन्या रायफल क्लॅम्पमध्ये धरून मारलेलं कार्ड सोबत देतात, त्यावर नंबर असतो. ॲक्शनवरचा नंबर त्याच्याशी जुळत होता. निम्मी रक्कम आगाऊ, तीही "अकाउंटंटच्या" नावानं यूपीआयवर. उरलेली माल हातात आल्यावर. कुरिअरवाले रायफल घेत नाहीत म्हणून तुम्हीच साताऱ्याला या, असं ठरलं.

पेठ नाक्यावरून हायवे धरून कऱ्हाड, उंब्रज करत वाढे फाट्याला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. भेट एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये. रेंजवर जाऊन मारून बघू म्हटलं तर, "सर, आता कुठली रेंज उघडी? आणि इथं बाहेर काढली तर पोलीस विचारतील." हे धादांत खोटं भय होतं. ४.५ मिमी बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. मॅच रायफल आठ ज्यूलच्याही आत असते. पण "पोलीस" हा शब्द उच्चारला की मध्यमवर्गीय माणूस डिकी लवकर बंद करतो, हे त्याला पक्कं ठाऊक. बिल मागितलं, तर उद्या व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला. ते आलं नाही.

रेंजवर पहिल्याच सरावात मुलगी म्हणाली, "बाबा, कॉल बरोबर येतोय, शॉट कुठंतरीच जातोय." म्हणजे ट्रिगर दाबताना तिला जिथं निशाण दिसलं, तिथं भोक पडत नव्हतं. तिच्या प्रशिक्षक सरांनी रायफल क्लॅम्पमध्ये बांधायला लावली आणि तिचेच पेलेट मारले. चांगली मॅच रायफल क्लॅम्पमधून जेमतेम पेलेटपेक्षा मोठं भोक पाडते. आमचा ग्रुप बाहेरून बाहेर बारा मिमी भरला. लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर आणि नऊचं वर्तुळ साडेपाच. आता या रायफलनं पोरीनं काय मारायचं?

सरांकडच्या क्रोनोग्राफवर, म्हणजे पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, कारण दिसलं. रायफल थोडा वेळ ठेवून मारली की पहिला शॉट सेकंदाला १८४ मीटर, पुढचा १६१, मग १६६. रेग्युलेटरची सीट (हवा अडवणारी बैठक) गळत होती. मधल्या वेळात सिलिंडरची हवा पुढं झिरपून दाब चढायचा आणि पहिला पेलेट जोरात निघायचा. व्हिडिओतलं एकच भोक कुठल्या रायफलनं पाडलं होतं, कोण जाणे.

मग ती मी वर्कशॉपमध्ये नेली. नंबर होता त्या जागी सरळपट्टी उभी धरून मागून उजेड सोडला, तर पट्टीखालून प्रकाशाची फट. बाकी पृष्ठभाग सपाट आणि नंबरापाशीच उथळ खळगा. मूळ नंबर घासून काढून, वरून नव्यानं अनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) करून दुसरा नंबर कोरलेला. मग टेस्ट कार्डाशी तो जुळणार नाही तर काय! कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं की हा नंबर वेगळ्याच मॉडेलचा आहे. स्टॉक मात्र खरंच नवा होता, आणि वाईट नव्हता. नव्या अंगरख्यात जुनं हाड.

सिलिंडरचं प्रकरण याहून गंभीर आहे. त्यावर एक सुबक स्टिकर होता, २०२२ चा. हेअर ड्रायरनं गरम करून तो सोलला तर खाली शिक्क्यात २०११. हे ॲल्युमिनियमचे सिलिंडर कंपन्या साधारण दहा वर्षांपुरतेच वापरायला सांगतात आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार सिलिंडर मुदतीत आहे हे पाहणं खेळाडूची जबाबदारी. स्पर्धेत तपासणीला अडवलं असतं ते वेगळंच. मुदत संपलेला २०० बारचा सिलिंडर पोरीच्या गालाखाली वीतभर अंतरावर होता. पैशाचा राग उतरला, पण याचा अजून उतरत नाही.

फोन केला तर आधी "तुम्हाला वापरता येत नाही", मग "रेग्युलेटर बदलून देतो", मग फोन बंद. काही दिवसांनी वेगळ्या नंबरवरून स्वतःच आला आणि म्हणाला, "सर, नुकसान भरून देतो. पॉइंट टूटूची कस्टम ॲक्शन आहे, फुकट घ्या. तुमचं लेथ आहे, बॅरल तुम्हीच बसवा." पॉइंट टूटू म्हणजे एअर नव्हे, काडतुसाची रायफल.

इथं थांबून नीट वाचा, विशेषतः ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांनी. शस्त्र कायदा, १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे भागही शस्त्रच आहेत. नुसती ॲक्शन, बॅरल नसली तरी, विनापरवाना घरात ठेवणं हा गुन्हा. तिला बॅरल बसवणं म्हणजे परवान्याविना शस्त्र बनवणं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ती ॲक्शन माझ्या दुकानात आली असती तर तक्रार करणारा मी आणि आत जाणाराही मीच. मला वाटतं, ती देऊ करण्यामागं हाच हिशोब असावा. मी तो कॉल रेकॉर्ड केला आणि पुढं एक शब्द बोललो नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती पैसे गेल्या गेल्या केली तर खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या बाबतीत खातं आधीच रिकामं झालं होतं. पोलीस ठाण्यात सुरुवातीला "हा दिवाणी मामला, वस्तू तर मिळालीय ना" असं उत्तर मिळालं. घासलेल्या नंबराचे फोटो, कंपनीचा ईमेल आणि सोललेला स्टिकर समोर ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली अर्ज घेतला. म्हणून रायफल हाती आली की आधी फोटो काढा, उघडाउघडी नंतर.

सध्या मुलगी पुन्हा रेंजच्या रायफलवर आहे. आणखी एक जुनी रायफल बघून ठेवली आहे, मालक इथलाच माजी खेळाडू. त्यानं स्वतःहून रेंजवर बोलावलं, क्लॅम्प लावू दिला, आमचे पेलेट चालवू दिले आणि रात्रभर ठेवून सकाळच्या पहिल्या शॉटचा वेगही मोजू दिला. सिलिंडरची मुदत संपत आली आहे हे त्यानंच आधी सांगितलं आणि तेवढे पैसे कमी केले. कंपनीकडून नंबराचं उत्तर आलं की चेक देणार, त्याच्या स्वतःच्या नावाचा.