तोळाभर मोझार्ट की पाव औंस फिलहार्मोनिक?

भाचीने पियानोची आठवी ग्रेड पार केली, तेव्हा बहिणीचा पुण्याहून फोन आला. "दरवेळी वेढणी घेऊन ठेवतो, यंदा तू व्हिएन्नात आहेस तर ते मोझार्टचं नाणं बघ ना." बघितलं. तर नाणं एक नाही, निदान तीन आहेत, आणि तिघांचा हिशेब वेगळा.

पहिलं २००६चं, संगीतकार वोल्फगांग मोझार्टच्या जन्माला २५० वर्षं झाली तेव्हाचं ५० युरोचं. त्यावर वोल्फगांग आणि त्याचे वडील लिओपोल्ड, दोघेही आहेत. वजन १०.१४ ग्रॅम, शुद्धता हजारात ९८६. म्हणजे त्यात शुद्ध सोनं बरोबर १० ग्रॅम, हल्ली आपले सराफ ज्याला तोळा म्हणतात तेवढंच. ९८६ हा आकडा डुकाट या जुन्या ऑस्ट्रियन सोन्याच्या नाण्याचा. आपल्या भाषेत साडेतेवीस कॅरेटच्या किंचित वर.

दुसरं १९९१चं ५०० शिलिंगचं. मोझार्ट गेला डिसेंबर १७९१मध्ये, त्याची द्विशताब्दी. कस तोच ९८६, पण शुद्ध सोनं ८ ग्रॅम. एका बाजूला मोझार्ट, दुसऱ्या बाजूला त्याचा ऑपेरा 'डॉन जोव्हानी'.

तिसरं 'व्हिएन्ना फिलहार्मोनिक', इथल्या वाद्यवृंदाच्या नावाचं. हे १९८९पासून दरवर्षी निघतं आणि यावर संगीतकारच नाही! एका अंगाला म्युझिकफेराइन या इथल्या संगीतगृहाच्या सोनेरी सभागृहातला ऑर्गन, दुसऱ्या अंगाला वाद्यं: मधोमध चेलो, बाजूंना व्हायोलिनं, शिवाय हॉर्न, बासून हे फुंकवाद्य आणि हार्प. शुद्धता ९९९.९. पाव औंसाच्या नाण्यात ७.७८ ग्रॅम सोनं भरतं.

तिन्हींवरच्या छापील किमतीकडे लक्ष देऊ नका. ५० युरोच्या नाण्यातल्या सोन्याची किंमत ५० युरोच्या कितीतरी पट आहे. ५०० शिलिंग ठरलेल्या दराने युरोत बदलले तर साधारण ३६ युरो होतात. ते सोन्याचं नाणं त्या भावाने बदलायला कुणी बँकेत नेलं, तर त्याला हात जोडावेत.

खरा फरक 'वरच्या' पैशांचा. फिलहार्मोनिक म्हणजे टांकसाळीने पाडलेली सोन्याची वडीच, त्या दिवसाचा भाव अधिक थोडीशी घडणावळ. २००६चं मोझार्ट ठरावीक संख्येत पाडलं, त्यामुळे पेटी, प्रमाणपत्र आणि हौस या तिन्हींचे पैसे लागतात. १९९१च्या नाण्याची गंमत अशी, की ते नवेपणाचे पैसे कुणीतरी पूर्वीच भरून झालेत. पेटी हरवलेलं नाणं इथल्या दुकानात सोन्याच्या भावाच्या बऱ्यापैकी जवळ मिळू शकतं. थोडं हिंडावं लागतं, इतकंच.

हौसेचे पैसे परत मिळतात का, हे मी माझ्यापुरतं पाहिलंय. माझं २००६चं नाणं एकदा पुण्यात एका सराफाकडे नेलं होतं. त्याने ते पेटीतून काढलं, चिमट्याने नव्हे, अंगठ्याने दाबून. माझ्या पोटात गोळा आला. मशिनखाली धरलं, काट्यावर ठेवलं आणि मोडीचा भाव सांगितला. मी लिओपोल्डकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, "छान आहे हो, पण मी डोकी नाही घेत, सोनं घेतो." चूक त्याची नव्हती. संग्राहकाचा भाव हवा असेल तर नाणं इकडे, युरोपातच विकावं लागतं.

करांचंही सांगून ठेवते. युरोपीय संघात १८००नंतर पाडलेलं, किमान ९०० शुद्धतेचं, चलन म्हणून मान्य असलेलं किंवा पूर्वी असलेलं आणि सोन्याच्या भावापेक्षा ८० टक्क्यांहून जास्त महाग न विकलं जाणारं नाणं मूल्यवर्धित करातून सुटतं. तेव्हा घेताना त्रास नाही, त्रास मुंबईला उतरल्यावर. परदेशातून येणाऱ्याला दागिन्यांवर जी शुल्कमाफी मिळते, ती नाण्याला नाही. साखळीत अडकवून "हा दागिनाच" म्हणायचा बेत बहिणीने सुचवला होता, पण नाण्याला कडी लावली की संग्राहकाच्या लेखी ते मेलंच. नाणं जाहीर करून शुल्क भरायचं आणि ते किमतीत धरूनच हिशेब करायचा.

हाताळणीत मात्र मोझार्ट उजवा. त्यात सोन्याबरोबर थोडी दुसरी धातू असल्याने तो जरा टणक आहे. फिलहार्मोनिक मऊ, कपाटात नुसतं घासलं तरी ओरखडा उमटतो.

बहिणीला मी सरळ विचारलं, लग्नात हे मोडून बांगडी करायची आहे का? असेल तर पाव औंस फिलहार्मोनिक घे, आणि चेहऱ्याचा मोह सोड. पोरीने जपून ठेवायचं असेल तर १९९१चं. २००६चं फक्त तोळा पुरा भरावा असा हट्ट असेल तर, आणि तेही पेटी-प्रमाणपत्रासकट.

ती म्हणाली, "आईला विचारून सांगते." तोवर भाचीला मी पाकिटातून एक युरोचं नाणं पाठवलंय. ऑस्ट्रियाच्या एक युरोवरही मोझार्टच आहे, सहीसकट.