साथीला बसणाऱ्यांची मैफल

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली गायक-वादक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली आणि चिजा (बंदिशी) स्वरलिपीत बांधून त्या वर्गात शिकवण्याची वाट घालून दिली. एरवी उस्तादासमोर एकट्याने बसून मिळवायची विद्या शेजाऱ्याच्या बरोबरीने शिकता येऊ लागली. सूरसागर तलावाजवळच्या, आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग असलेल्या या संगीतशाळेतील विद्यार्थ्यांचे सामूहिक सादरीकरण नुकतेच ऐकले. एकेकट्याचे गाणे ऐकण्याची सवय असलेल्या माझ्यासारख्या श्रोत्याच्या पदरात त्यातून काय पडते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

सुरुवात यमन रागातील छोट्या ख्यालाने झाली आणि त्याला जोडूनच तराणा, म्हणजे अर्थहीन बोलांचे द्रुत गाणे, घेतला गेला. आपल्याकडे मुलगे सहसा काळी एकच्या आसपास (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात, तर मुली त्याहून उंच काळी चार-पाचमध्ये. त्यामुळे सर्वांना एकाच षड्जावर (सा) आणले, की कोणाचा तरी गळा अवघडतो आणि वृंदगान बहुतेक वेळा येथेच कोसळते. येथे षड्ज काळी एकच ठेवून मंद्राकडचे (खालच्या सुरांचे) काम मुलग्यांकडे आणि उत्तरांगातले (वरच्या सुरांचे) मुलींकडे सोपवले होते. एक ओळ एका गटाने सोडायची आणि दुसऱ्याने ती त्याच श्वासात उचलायची, हे ऐकायला सोपे वाटते. पण तराण्याच्या द्रुत लयीत ते समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) चुकामूक न होता साधले, याचा अर्थ तालमीत या मुलांनी स्वतःच्या गाण्याइतकेच दुसऱ्याचे गाणेही पाठ केले होते.

मला मात्र खरे गुण द्यावेसे वाटतात ते कथकच्या वेळी लेहरा (नाचाला आधार देणारी, पुन्हापुन्हा वाजणारी सुरावट) धरणाऱ्या पेटीवाल्या मुलाला. तीनतालाच्या सोळा मात्रांची तीच ओळ कोणतीही करामत न करता वाजवत राहायचे, आणि नाचणारी मुलगी तिहाईत (तीनदा घेऊन समेवर संपवायच्या तुकड्यात) लय कितीही ताणत असली तरी आपण हलायचे नाही, हे त्या वयात फार कठीण असते. टाळ्या तिला मिळाल्या आणि त्या रास्तच होत्या. परंतु पढंत करणारी (नाचाचे बोल म्हणणारी) मैत्रीण, तबलजी आणि हा मुलगा यांच्यापैकी एकजण जरी डगमगला असता, तरी ती तिहाई समेवर आलीच नसती. भरतनाट्यमही नेटके झाले. सयाजीरावांच्या राणी पहिल्या चिमणाबाई यांच्या विवाहाबरोबर १८८० मध्ये तंजावरच्या कलावंतांनी आणलेले हे नृत्य बडोद्याला आता परके राहिलेले नाही.

उणीव राहिली ती भाड्याने आणलेल्या ध्वनियंत्रणेची. तबला छातीवर आदळत होता आणि तंबोरे जवळजवळ ऐकूच येत नव्हते. स्वर एकमेकांत मिसळणे हेच ज्या प्रयोगाचे मर्म, तेथे आवाज एवढा वाढवण्याचे प्रयोजन मला तरी समजले नाही. (पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी संपूर्ण यमन मोबाईलच्या पडद्यातून पाहिला, त्यांची तक्रार कोणाकडे करावी?) निवेदिकेने तंबोरे जुळवणाऱ्या दोघींचीही नावे घेतली, हे मात्र मनापासून आवडले.

पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी अर्धा तास आधी पोहोचावे आणि ध्वनिक्षेपकापासून दूर, मधल्या रांगांत बसावे. पडद्यामागे तंबोरे जुळत असताना जो षड्ज हळूहळू भरत येतो, तो ध्वनियंत्रणा सुरू होण्यापूर्वीच ऐकायला मिळतो.