सीडी प्लेअर, स्ट्रीमर की लॅपटॉपला डॅक?

डिजिटल गाणं कोरडं वाटतं म्हणून डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा स्पीकरला लागणारा सिग्नल करणारं यंत्र, बदलायला निघाला असाल तर जरा थांबा. मी या तिन्ही वाटांनी भरपूर ऐकलंय. यंत्रायंत्रांतला फरक मला लहान वाटतो, एकाच अल्बमच्या दोन मास्टरिंगमधला (प्रकाशनाआधी आवाजावर फिरणारा शेवटचा हात) फार मोठा.

सीडी १९८२ साली बाजारात आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन, म्हणजे आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं, प्रत्येक १६ बिटांचं. आज हे आकडे जुनाट वाटतात, पण त्यात जवळपास २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात आणि तरुण कानही साधारण २० च्या पुढे ऐकत नाही. सीडीची खरी श्रीमंती वेगळीच आहे. नव्वदच्या दशकापासून बरेच अल्बम जास्त मोठे वाजावेत म्हणून दाबून पुन्हा मास्टर झाले. जुनी सीडी लावा: गायिका ओळीआधी श्वास घेते तो हलका ऐकू येतो आणि मग ड्रमचा ठोका अंगावर येतो. दाबलेल्या आवृत्तीत श्वास आणि ठोका जवळजवळ एकाच उंचीवर येतात, तीन गाण्यांत कान शिणतात. तेच मास्टर २४ बिट १९२ किलोहर्ट्झमध्ये मिळालं तरी काही सुधारत नाही.

स्ट्रीमरवर, म्हणजे इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्रावर, गाण्यांना तोटा नाही, मात्र कुठली आवृत्ती वाजतेय हे बरेचदा कळत नाही. लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळलेली फाइल) निवडा आणि ब्लूटूथऐवजी वाय-फाय किंवा केबल वापरा.

लॅपटॉप आणि यूएसबी डॅक ही बहुधा सर्वांत स्वस्त वाट, पण कटकटीची. माझ्याकडे स्पीकरमधून सतत बारीक घूं यायची. चार्जर काढला, त्या क्षणी थांबली. डॅक बिचारा निर्दोष होता. शिवाय सिस्टिम सगळी गाणी एकाच सॅम्पल रेटमध्ये (सेकंदाला किती मोजमापं, तो दर) बदलत नाही ना, हेही सेटिंगमध्ये बघावं लागतं.

घरात सीड्या असतील तर मी डोळे झाकून प्लेअर घेईन, नसतील तर स्ट्रीमर. फिल्टर नसलेल्या 'नॉस' (नॉन-ओव्हरसॅम्पलिंग) डॅकचा मऊपणा मलाही आवडतो, पण त्याचं एक कारण साधं आहे: २० किलोहर्ट्झला त्याचा आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरलेला असतो.

दुकानात दोन यंत्रं ताडून पाहताना दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करून घ्या. एखादा डेसिबल मोठं वाजणारं यंत्र हटकून 'जिवंत' वाटतं. आणि पैसे मोजण्याआधी घरचे स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून तोच अल्बम पुन्हा ऐका.