दंडातली काडी: दादरच्या दवाखान्याचा अनुभव

दुसऱ्या बाळंतपणानंतर रोजची गर्भनिरोधक गोळी लक्षात राहीना, म्हणून दादर स्टेशनजवळच्या एका लहान प्रसूतिगृहात इम्प्लांट, म्हणजे दंडात बसवायची गर्भनिरोधक काडी, बसवून घेतलं. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, जागा बधिर करून. ४ सेंटिमीटरची मऊ काडी, ३ वर्षं चालते. टाके नाहीत.

मला सगळ्यात आवडले ते डॉक्टरबाईंनी आधी विचारलेले प्रश्न. टीबीची औषधं चालू आहेत का? फिट्सची? रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी इम्प्लांटचा परिणाम कमी होतो, आणि ती बंद केल्यावरही २८ दिवस गर्भ राहण्याचा धोका असतो. मुंबईत टीबी किती घरांत येऊन गेलाय! याआधी ज्या दवाखान्यात गेले होते तिथे हे कुणी विचारलंसुद्धा नाही, त्याचा मला अजून राग येतो.

पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत बसवलं तर लगेच भरवसा, नंतर बसवलं तर ७ दिवस कंडोम. काडी हाताला लागते ना, हे मलाच चाचपून बघायला लावलं. पाळी अनियमित होईल, मधेच डाग पडतील, हे आधीच सांगितल्यामुळे मी घाबरले नाही. काढायची तारीख कार्डावर लिहून मिळते. संध्याकाळी बसायला जागा नसते, सकाळी जा.